पिवळी चौकट, बाहेरून पाहिलेली

नॅशनल जिओग्राफिक हे मासिक कधीच विकत न घेतलेल्या माणसालाही ते दुरून ओळखता येते. मुखपृष्ठाभोवतीची पिवळी चौकट पाहिली की नाव वाचायची गरज उरत नाही. ही चौकट फेब्रुवारी १९१० पासूनची आहे, मासिक मात्र तिच्याहून जुने. जानेवारी १८८८ मध्ये वॉशिंग्टनला नॅशनल जिओग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिला अंक निघाला. सुरुवातीचे अंक विद्वानांनी विद्वानांसाठी लिहिलेले होते आणि बरेच रुक्ष होते. जानेवारी १९०५ च्या अंकात अकरा पाने रिकामी राहत होती. संपादक गिल्बर्ट ग्रोव्हनर यांनी ती तिबेटमधील ल्हासा शहराच्या छायाचित्रांनी भरली. आता नोकरी जाणार अशी धास्ती त्यांना होती, पण वाचकांनी रस्त्यात थांबवून त्यांचे अभिनंदन केले. त्यानंतर मजकूर मागे पडत गेला आणि छायाचित्र पुढे आले. मासिकाविषयीची लोकांची कल्पना तेव्हापासून छायाचित्रांवरच पोसलेली आहे.

अमेरिकेत वर्गणी भरणाऱ्याला ग्राहक न म्हणता सोसायटीचा सभासद म्हणत. घरी अंक येणे म्हणजे आपण अडाणी नाही याची पावती. १९४६ च्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या चित्रपटातला छोटा जॉर्ज दुकानात हे मासिक दाखवून सभासदत्वासाठी आपले नाव सुचवले गेल्याची फुशारकी मारतो. पुढे आयुष्यभर गाव सोडून कुठे जाणे त्याच्या नशिबी येत नाही, हे चित्रपटाने त्याच मासिकाच्या साक्षीने आधीच सुचवून ठेवले आहे. मासिकाचे छायाचित्रकारही दंतकथेत गेले. ‘द ब्रिजेस ऑफ मॅडिसन काउंटी’ या कादंबरीतला, आणि पुढे चित्रपटातला, पूल टिपत फिरणारा नायक रॉबर्ट किंकेड याच मासिकासाठी काम करतो. तो संपूर्णपणे काल्पनिक आहे.

थट्टाही पुष्कळ झाली. हे अंक कोणी रद्दीत टाकत नाही, माळ्यावर रचून ठेवतो, हा अमेरिकेतला जुना विनोद. विज्ञानाची टिंगल करणाऱ्या एका नियतकालिकात १९७४ मध्ये लेखच आला होता: साठलेल्या अंकांच्या वजनाने अमेरिका खंड खचणार! दुसरा विनोद अधिक बोचरा होता. दूरदेशच्या स्त्रियांची उघड्या अंगाची छायाचित्रे हे मासिक १८९६ पासून छापत आले. गोऱ्या स्त्रीचे तसे छायाचित्र ज्या घरात कोणी येऊ दिले नसते, तिथे ही चित्रे भूगोलाच्या नावाखाली बिनदिक्कत पोचली आणि शाळकरी मुलांनी ती चोरून पाहिली.

अभ्यासकांनी हीच गोष्ट गांभीर्याने मांडली. कॅथरिन लुट्झ आणि जेन कॉलिन्स यांनी १९५० ते १९८६ या काळातील सुमारे सहाशे छायाचित्रे तपासून १९९३ मध्ये पुस्तक लिहिले. त्यांना दिसलेली परकी माणसे बहुधा हसरी, रंगीबेरंगी पोशाखातली आणि इतिहासाबाहेर उभी असलेली होती. मासिकाने स्वतः हे कबूल करायला २०१८ उजाडले. त्या वर्षीच्या एप्रिलच्या अंकात संपादक सुसान गोल्डबर्ग यांनी, आपले जुने वार्तांकन वंशवादी होते, असे लिहिले. त्याआधी त्यांनी इतिहासकार जॉन एडविन मेसन यांच्याकडून जुने अंक तपासून घेतले होते.

चित्रात असलेल्या माणसाला ते मासिक कसे दिसते, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. जून १९८५ च्या मुखपृष्ठावरील हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी जगभर गेली, पण तिचे नाव शरबत गुला आहे हे मासिकाला २००२ मध्ये कळले. तोवर तिने स्वतः ते छायाचित्र पाहिलेलेच नव्हते. अनोळखी पुरुषाने आपले छायाचित्र काढल्याचा तेव्हा राग आला होता, असे तिने सांगितले.

पाहणारा आणि चित्रातला, अशा दोन्ही बाजूंना महाराष्ट्र उभा आहे. इथे हे मासिक मुख्यतः कॉलेजच्या वाचनालयात किंवा माटुंग्याच्या किंग्ज सर्कलसारख्या जुन्या पुस्तकांच्या ठेल्यांवर भेटे. गुळगुळीत कागद आणि सोबतचे घडीचे नकाशे यांचे अप्रूप असे, इंग्रजी मजकूर पुष्कळदा न वाचताच राही. दुसरीकडे, चित्रांचा विषय म्हणून धारावी मे २००७ मध्ये आणि संजय गांधी उद्यानातले बिबटे डिसेंबर २०१५ मध्ये या चौकटीत आले.

बाहेरच्याची नजर कुठे घसरते, हे लातूर जिल्ह्यातल्या रेणापूरच्या काळ्या जमिनीत स्पष्ट दिसते. दुष्काळाचे छायाचित्र म्हणजे भेगाळलेली भुई, हा संकेत सचित्र पत्रकारितेने जगभर रुजवला. पण मराठवाड्याची काळी चिकण माती सुकली की आक्रसते आणि पाऊस चांगला झालेल्या वर्षीही एप्रिलमध्ये तिला हातभर खोल भेगा जातात. शेतकऱ्याला त्यात वावगे काही दिसत नाही. त्या भेगांतून वरची माती खाली जाते आणि रान थोडेफार आपोआप उलथले जाते. तलावाच्या तळाला पडलेल्या भेगेचा अर्थ निराळा, पण चित्रात दोन्ही सारख्याच दिसतात.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्या गाडीची, कोरड्या मांजरा धरणाची आणि घागरींच्या रांगांची छायाचित्रे देशोदेशी गेली आणि ती खोटी नव्हती. मात्र याच मांजरा खोऱ्यात, रेणापूर तालुक्यातल्या निवाड्याजवळ, दिलीपनगरला रेणा सहकारी साखर कारखाना उभा आहे. पाणी आटण्यामागे पावसाच्या तुटीबरोबर उसाचाही वाटा आहे. उसाचा हिरवा फड चित्रात आला असता तर दुष्काळाची गोष्ट अधिक अवघड झाली असती, आणि अधिक खरीही.

आताच्या पिढीपुढे मासिकापेक्षा त्याची वाहिनी आधी येते. ‘नॅट जिओ’ १९९८ मध्ये भारतात दाखल झाली, तरी बोलताना पुष्कळ जण वन्यप्राण्यांच्या कोणत्याही कार्यक्रमाला ‘डिस्कव्हरी’च म्हणतात. दक्षिण कोरियात हे नाव जॅकेट आणि पाठपिशव्यांवर फॅशन म्हणून मिरवते. २०१९ पासून मासिकाची सूत्रे डिस्नेकडे आहेत. २०२३ मध्ये उरलेल्या पगारी लेखकांना कमी करण्यात आले आणि त्यानंतर अमेरिकेतील वृत्तपत्रांच्या स्टॉलवर अंक ठेवणे बंद झाले. वर्गणीदारांना तो अजून मिळतो. इन्स्टाग्रामवर मात्र त्याच पिवळ्या चौकटीचे अनुयायी पंचवीस कोटींहून अधिक आहेत.