सामानसुमान : डब्यावरचे चित्र आणि आतली वस्तू

सुके बांगडे आणि कोकमाचे आगळ यांचा भाग आज येणार होता. तो पुढे ढकलतो आहे. बॅटरीच्या भागावर आलेल्या पत्रांत एक असे होते की त्याला एका ओळीचे उत्तर देऊन भागणार नाही.

लिहिणारीचे माहेर शिरोड्याचे. नवराबायको दोघे जर्मनीत नोकरी करतात. गणपतीला आखातात विमान बदलून गोव्यात मोपाला उतरणार आणि तिथून तेरेखोल ओलांडून घरी येणार. तिने आडपडदा न ठेवता लिहिले आहे. दोघांच्या खाजगी वापराच्या काही वस्तू चेक-इन बॅगेत असतील : चामड्याचे मनगटपट्टे, लोखंडी हातकड्या, सुती दोर, डोळ्यांवर बांधायची पट्टी, एक छोटा चाबूक आणि चार्जिंगवर चालणारे दोन व्हायब्रेटर. हे विमानात चालते का, मधल्या विमानतळावर काही होईल का आणि भारतात कस्टम्स अडवील का, असे तीन प्रश्न आहेत. पत्राच्या शेवटी मालवणीत एकच ओळ : ‘काका, सगळ्यांसमोर बॅग उघडून दाखवूक लावतले काय?’

माझ्या मते खरा प्रश्न ही शेवटची ओळ आहे. सामानाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली. लाजेपोटी माणूस बॅग भरतो तेव्हा नेमके तेच करतो ज्यामुळे बॅग उघडावी लागते. वस्तू मोज्यात कोंबतो, वरून चांदीचा कागद गुंडाळतो, बुटाच्या आत दडवतो, बॅटरी तशीच ठेवतो. एक्स-रेच्या पडद्यावर उघडी ठेवलेली वस्तू आपल्या आकारात दिसते आणि तपासणारा पुढे जातो. गुंडाळलेल्या धातूचा गोळा दिसला की त्याला थांबावेच लागते. तो तुमच्या संसारात डोकावत नसतो. न ओळखता आलेला गोळा त्याला सोडता येत नाही, एवढेच.

आधी विमानाचा नियम, तो सोपा आहे. पट्टे, दोर, डोळ्यांवरची पट्टी यांना कुठेच हरकत नाही. हातकड्या आणि चाबूक चेक-इनमध्येच ठेवावेत. केबिनमध्ये नेले तर सुरक्षा तपासणीत काढून घेतले जाण्याची शक्यता मोठी. व्हायब्रेटरला मागच्या वेळी सांगितलेलाच नियम लागू : उपकरणात बसवलेली लिथियम बॅटरी १०० वॉट-तासांच्या आत असेल, उपकरण पूर्ण बंद असेल आणि चुकून सुरू होणार नाही असे ठेवले असेल, तर ते चेक-इनमध्ये जाऊ शकते. सुटी बॅटरी मात्र नाही. १०० वॉट-तास म्हणजे केवढे हे कळायला एक हिशेब करू. ३.७ व्होल्टची, १००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी ३.७ वॉट-तासांची भरते. अशा वस्तूंतल्या बॅटऱ्या साधारण याच्या आसपासच्या असतात. त्यामुळे मर्यादा ओलांडण्याचा प्रश्नच येत नाही. प्रश्न येतो तो ‘पूर्ण बंद’ या अटीचा.

सामान पट्ट्यावरून जाते, आपटते, दुसऱ्या बॅगांखाली दाबले जाते. बटण दाबले गेले की बॅग गुरगुरायला लागते. २००२ साली अमेरिकेत एका प्रवासिनीला अशा गुरगुरणाऱ्या बॅगेपायी विमानातून खाली उतरवून, विमानाशेजारीच, आतली वस्तू हातात धरून दाखवायला लावले होते. ती कोर्टात गेली आणि वरच्या कोर्टापर्यंत लढून हरली. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मॅके शहराचे विमानतळ कचऱ्याच्या डब्यातून येणाऱ्या गूं-गूं आवाजामुळे रिकामे करावे लागले. बॉम्ब असेल असे वाटले आणि निघाली ती अशीच एक वस्तू. या गोष्टी हसण्यावारी नेल्या जातात, मला ते पटत नाही. त्या प्रवासिनीची अवस्था डोळ्यांसमोर आणा. एवढी मानहानी टाळायला काय लागले असते? सेल काढून ठेवणे.

म्हणून पेन्सिल सेलवर चालणारी वस्तू असेल तर सेल बाहेर काढा. साधे अल्कलाइन सेल चेक-इनमध्येही चालतात, फक्त टोके एकमेकांना लागू देऊ नका. चार्जिंगवाल्या बऱ्याच वस्तूंत ‘ट्रॅव्हल लॉक’ असतो. दोन बटणे एकत्र काही क्षण दाबली की वस्तू लॉक होते. माहितीपत्रकात ते लिहिलेले असते आणि लोक नेमके तेच पान वाचत नाहीत. लॉक नसेल तर चार्ज संपवून ठेवा. सामानाच्या कप्प्यातली आग विझवायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा दाबतो, पण एका सेलमधून दुसऱ्यात पसरत जाणारी लिथियमची उष्णता त्याला आवरत नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईत यूपीएसचे मालवाहू ७४७ कोसळले आणि दोन्ही वैमानिक गेले, त्या विमानात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा माल होता. २०१६ पासून प्रवासी विमानांतून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून पाठवणेच बंद झाले. तपासनीस बॅटरीच्या बाबतीत एवढा कडक का, ते यावरून समजावे.

वंगण म्हणून वापरायच्या जेलचा नियम शाम्पूसारखाच : केबिनमध्ये १०० मिलिलिटरच्या बाटलीपर्यंत, त्याहून मोठी बाटली चेक-इनमध्ये, झाकणाला चिकटपट्टी लावून.

आता कस्टम्स. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण हा माझा फार जुना जिव्हाळ्याचा विषय आहे.

‘सेक्स टॉय आणू नये’ असे कस्टम्स कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. १९६२ च्या कायद्याचे ११ वे कलम सरकारला काही वस्तूंची आयात बंद करण्याचा अधिकार देते, आणि त्या कारणांत शिष्टाचार व नीतिमत्ताही येते. या अधिकाराखाली १८ जानेवारी १९६४ ला एक अधिसूचना निघाली. तिच्यात अश्लील पुस्तक, पत्रक, कागद, चित्र, आकृती ‘किंवा वस्तू’ यांची आयात बंद केली आहे. साठ वर्षांहून अधिक काळ सगळा वाद या ‘अश्लील वस्तू’भोवती फिरतो आहे. अश्लील कशाला म्हणायचे, हे ती अधिसूचना सांगत नाही. ते त्या त्या वेळच्या अधिकाऱ्याने आणि शेवटी कोर्टाने ठरवायचे.

मराठी माणसाला ही लढाई नवी नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर. वाचक अडचण विचारतो, तर त्याला उत्तर का द्यायचे नाही, हा त्यांच्या बाजूचा गाभा होता. खटला ते हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. मी हे सदर लिहायला बसतो तेव्हा तो दंड माझ्या मनात असतो. मोपाला उतरणाऱ्या एका लेकीच्या प्रश्नाला आज मला मोकळेपणी उत्तर देता येते, त्याची किंमत कोणीतरी आधी भरलेली आहे.

पुढे चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आलेली ही कादंबरी अश्लील ठरवली गेली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १९६९ मध्ये काकोडकर सुटले. चित्रकार अकबर पदमसींवर १९५४ मध्ये मुंबईत त्यांच्या ‘लव्हर्स’ या चित्रांपायी खटला भरला गेला, तोही ते जिंकले. आणि नियतीचा फेरा पाहा : त्याच पदमसींच्या आणि आपल्या शेजारच्या गोव्यात साळगावला जन्मलेल्या चित्रकार सोझांच्या मिळून सात कलाकृती परदेशातल्या लिलावांतून आणल्या गेल्या, तर मुंबईच्या कस्टम्सने त्या अश्लील म्हणून जप्त केल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने तो आदेश रद्द केला. नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, आणि अधिकाऱ्याने तज्ज्ञांचे म्हणणे बाजूला सारून स्वतःच्या आवडीनिवडीवर निर्णय द्यायचा नसतो, असा त्या निकालाचा रोख आहे.

पण आपल्या पत्रलेखिकेच्या कामाचा निकाल त्याच वर्षीचा, मार्चमधला. एका कंपनीने बॉडी मसाजर आयात केले. यांचा उपयोग सेक्स टॉय म्हणूनही होऊ शकतो, असे म्हणून कस्टम्स आयुक्तांनी माल जप्त केला. अपिली न्यायाधिकरणाने ती जप्ती उठवली, कस्टम्स हायकोर्टात गेले. न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी आणि किशोर संत यांच्या खंडपीठाने कस्टम्सचे म्हणणे फेटाळले. उपकरणाचा कोणी कसा वापर करील ही अधिकाऱ्याची कल्पना झाली, १९६४ च्या यादीत अशी वस्तू बसत नाही, शिवाय हीच वस्तू देशात उघड विकली जाते, असे कोर्टाचे विवेचन आहे. देशात विकली जाते हा मुद्दा आपल्या सीमेपलीकडे गोव्यातच दिसतो. २०२१ मध्ये कळंगुटला अशा वस्तूंचे उघड दुकान निघाले होते. महिन्याभरात पंचायतीने ते बंद पाडले, पण परवाना नाही या कारणाने.

या निकालाने सगळे मोकळे झाले असे मी सांगणार नाही. तो मसाजरपुरता आहे आणि व्यापारी आयातीचा आहे. हुबेहूब अवयवाच्या आकाराची वस्तू असेल तर अधिकारी आजही अडून बसू शकतो. पण या सगळ्यातून एक गोष्ट मला फार स्पष्ट दिसते, आणि ती कोणी सांगत नाही. १९६४ ची अधिसूचना चित्रावर आणि छापील कागदावर सर्वांत थेट बोट ठेवते. म्हणजे अडचणीची वस्तू बऱ्याचदा आत नसते, डब्यावर असते! उघड्यानागड्या चित्राचा डबा, तसेच माहितीपत्रक, सोबत आलेली पुस्तिका हे सगळे जर्मनीतच टाकून या. चित्र काढले की उरतो तो रबराचा, चामड्याचा, लोखंडाचा तुकडा. त्याला अश्लील ठरवायला अधिकाऱ्याला बरेच कष्ट पडतील.

आणि कोऱ्या करकरीत पाच-सहा वस्तू एका बॅगेत नकोत. तो व्यापार वाटतो. वापरातली, एकेक, धुऊन पुसून पारदर्शक पिशवीत घातलेली वस्तू वैयक्तिक सामान म्हणून ओळखू येते. पारदर्शक पिशवीचा दुसरा फायदा मोठा आहे : बॅग उघडलीच तर तपासणाऱ्याला ती न उघडता पाहता येते. तुमच्या वस्तूला परका हात लागत नाही. पिशवी कपड्यांच्या तळाशी न ठेवता वरच्या थरात ठेवा, म्हणजे सगळी बॅग उपसली जाणार नाही.

तरीही विचारले तर? खरे सांगा. ‘वैयक्तिक वापराची वस्तू आहे’ हे चार शब्द पुरतात. बाजूच्या खोलीत तपासा, बाईमाणसाला बोलवा, अशी विनंती शांतपणे करता येते आणि ती बहुधा मान्य होते. अंगझडतीच्या बाबतीत तर स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची, असे कस्टम्स कायद्याच्या १०२ व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. शेवटचा उपाय ८० वे कलम. खरी घोषणा केलेल्या प्रवाशाची अडवलेली वस्तू कस्टम्स आपल्याकडे ठेवून घेऊ शकते आणि परत जाताना ती परत मागता येते. गणपतीपुरत्या आलेल्या माणसाला हे कलम फार उपयोगाचे आहे. अट एकच, आधी खरे सांगितलेले असले पाहिजे.

मधल्या विमानतळाची काळजी मात्र खरी आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. बॅग थेट मोपापर्यंत टॅग झाली असेल तर ती आखातातल्या कस्टम्ससमोर सहसा येत नाही. पण जोडविमान चुकले, रात्र काढावी लागली आणि बॅग हातात घेऊन बाहेर पडावे लागले, तर तुम्ही त्या देशात माल घेऊन शिरलात. तिथले सभ्यतेचे कायदे कडक आहेत आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल तिथे दाखवून उपयोग नाही. म्हणून दोन विमानांमध्ये भरपूर वेळ ठेवा, एकाच तिकिटावर या. जमत असेल तर युरोपातून थेट मुंबईचे विमान घ्या. आखातात नोकरीला असलेल्या आपल्या गावच्या मुलांना तर माझे सांगणे आहे की अशी वस्तू नेऊच नका. थायलंडलाही नको. पर्यटकांनी गजबजलेला देश आहे म्हणून लोक फसतात, पण तिथे सेक्स टॉयवर कायद्याने बंदी आहे.

राहिले चामडे. भाद्रपदात शिरोड्याला येताय, पाऊस पडत असेल, हवा ओली. इथे पावसाळ्यात चपला-पट्ट्यांवर आठ दिवसांत पांढरी बुरशी धरते, हे माहेरवाशिणीला सांगायला नको. मनगटपट्टे बंद प्लास्टिकमध्ये ठेवू नका, ते फक्त प्रवासापुरते. घरी पोचल्यावर सुती पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. सिलिकॉनच्या दोन वस्तू एकमेकींना चिकटून ठेवू नका, रबरासारख्या मऊ प्लास्टिकला तर मुळीच लावू नका, पृष्ठभाग खराब होतो.

आणि बॅगेला छोटे कुलूप घाला. ते विमानतळासाठी नाही. परदेशातून बॅग आली की चॉकलेटसाठी घरातली पोरे ती आधी उघडतात, आणि काकू, मामी कपडे काढून देण्याच्या मायेने हात घालतात. ती खाजगी पिशवी मोपाहून निघतानाच, गाडीत, हातातल्या पर्समध्ये हलवा. परतीच्या वेळी विमानतळावर जाण्याआधी ती पुन्हा चेक-इन बॅगेत ठेवा, आणि ट्रॅव्हल लॉक नव्याने लावा, कारण मधल्या काळात तो उघडलेला असेल.