मुदत नसलेले दिवस

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना खास आगगाडीनं अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आणून तिथल्या भुईकोट किल्ल्यात कोंडलं गेलं. वल्लभभाई, नेहरू, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव असे एकूण बारा जण तिथं होते. बाहेर देश पेटला होता. १६ ऑगस्टला चिमूर उठलं. ९ सप्टेंबरला नंदुरबारात शिरीषकुमार आणि त्याचे सोबती पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दुसऱ्याच दिवशी महाडला तहसील कचेरीवर निघालेल्या मोर्च्यावर गोळीबार झाला. पुढं साताऱ्यात प्रतिसरकार उभं राहिलं. आणि याच काळात किल्ल्याच्या तटाआड नेहरू फुलांचे वाफे खणत होते, आझाद पहाटे उठून स्वतःच्या हातानं चहा करत होते आणि खोलीतल्या चिमण्यांना तांदूळ टाकत होते. ही दोन्ही चित्रं एकाच काळातली आहेत. आपण मात्र ती शेजारी शेजारी ठेवायला कचरतो. गोळीबाराचं चित्र इतिहासात जातं, चिमण्यांचं चित्र थोरांच्या आठवणींत जातं. ही वाटणी मला चुकीची वाटते. अशांततेच्या काळात माणूस जे छंद धरतो, स्वतःशी जे चिंतन करतो, ते त्या संघर्षाच्याच आतलं असतं. याचं कारण त्या कैदेच्या स्वरूपातच सापडतं, कारण तिला मुदत नव्हती.

हा मुद्दा थोडा मागं जाऊन पाहायला हवा. जानेवारी १९३२ मध्ये गांधीजी आणि वल्लभभाई येरवड्यात आले ते १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली. ना खटला, ना शिक्षा, त्यामुळं सुटकेची तारीखही नाही. शिक्षा झालेला कैदी भिंतीवर रेघा मारून दिवस वजा करत जातो. स्थानबद्धाला वजा करायचं तरी कशातून? सरकार त्याचं शरीर कोंडतं, पण त्याहून खोल जखम त्याच्या काळाला होते. उद्या, पुढचा महिना, पुढचं वर्ष या शब्दांतला अर्थच निघून जातो. आता त्या कैदेत वल्लभभाई काय करत होते ते महादेवभाई देसाईंच्या डायरीत वाचायला मिळतं. ते रद्दी कागदांची पाकिटं बनवत. आलेल्या टपालाची वेष्टणं, कोऱ्या बाजूचे तुकडे, काहीही वाया जाऊ देत नसत. आणि वयाच्या छप्पन्न-सत्तावन्नाव्या वर्षी ते संस्कृत शिकायला बसले, तेही औंधच्या पंडित सातवळेकरांच्या पाठमाला मागवून. बार्डोलीचा लढा उभारलेला हा माणूस शाळकरी मुलासारखा रूपं पाठ करत होता. पाठमालेला पहिला भाग असतो, दुसरा असतो, तिसरा असतो. ज्या दिवसांना सरकारनं शेवट ठेवला नव्हता, त्यांना त्या पुस्तकांनी क्रम दिला. सरकारनं काढून घेतलेली मुदत छंद अशी परत मिळवून देतो.

अहमदनगरला हेच काम बागेनं केलं. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या सुरुवातीलाच नेहरूंनी त्या मातीचं वर्णन केलं आहे. ती वाईट होती, दगडगोट्यांनी आणि जुन्या बांधकामांच्या राडारोड्यानं भरलेली. निजामशाहीचा, चांदबिबीचा हा किल्ला, तेव्हा कुदळ मारली की इतिहासच लागायचा. एकदा भिंतीच्या कडेला कोरलेलं एक सुंदर कमळ सापडलं, बहुधा एखाद्या दरवाज्यावरचं. ते पाहताना त्यांना देहरादून तुरुंगातली एक वेगळी खणाखणी आठवली. तिथल्या अंगणात खोल खणल्यावर दोन जुन्या खांबांचे बुंधे निघाले होते, आणि ते तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या फाशीच्या वधस्तंभाचे होते. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. बागकाम म्हणजे जगाकडं पाठ फिरवणं असं ज्यांना वाटतं त्यांनी तो पुन्हा वाचावा. फुलांसाठी खणणाऱ्याच्या कुदळीला कमळही लागतं आणि फाशीचा खांबही. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत त्यांनी ते हजारभर पानांचं हस्तलिखित पूर्ण केलं. पुस्तकात भूतकाळ खणण्याची प्रतिमा येते ती हातातल्या कुदळीतून आली आहे.

आझादांचं प्रकरण अधिक नाजूक आहे. ‘गुबार-ए-खातिर’ हा त्यांच्या पत्रांचा संग्रह १९४६ मध्ये निघाला. नवाब हबीबुर रहमान खान शेरवानी या मित्राला उद्देशून ही पत्रं किल्ल्यात लिहिली गेली, पण कैदेत असताना ती टपालात पडलीच नाहीत. त्यांत राजकारण जवळजवळ नाही. आहे तो चहा. पांढरी, जुईच्या वासाची चिनी पत्ती, बिनदुधाची, पहाटेच्या अंधारात घोटघोट घेतलेली. दूध घालून चहा बिघडवणाऱ्यांवर मौलानांचा मनापासून राग आहे. आणि आहेत त्या चिमण्या. छताच्या खाचांत घरटी बांधून त्या खोलीभर काडीकचरा पाडत. सुरुवातीला मौलानांनी त्यांच्याशी रीतसर युद्ध पुकारलं, त्यांना हुसकावून पाहिलं, आणि हरल्यावर तह केला. मग तांदळाचे दाणे टाकायचे आणि हलायचं नाही. पक्षी एकेक वीत जवळ येत गेले आणि अखेर हातावरचा दाणा उचलू लागले. मोती, कलंदर अशी नावंही ठेवली गेली. एक पिल्लू उडायला शिकतं तो प्रसंग तर सावकाश वाचण्यासारखा आहे. आईनं किती ढकललं तरी ते गोळा होऊन पडून राहतं, आणि एके दिवशी आतून काहीतरी जागं झाल्यासारखं भरारी घेतं. त्यावरून ते स्वतःच्या सामर्थ्याची ओळख पटण्याविषयी लिहितात. या वेळी हा माणूस काँग्रेसचा अध्यक्ष होता. परसत्तेखालच्या देशाच्या संदर्भात हे पिल्लू काय आहे, हे वाचकाला सांगावं लागत नाही.

याला घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. पहिला असा, की १९४३ मध्ये बंगालात माणसं रस्त्यावर भुकेनं मरत होती. सरकारी चौकशी आयोगानंही मृतांचा आकडा पंधरा लाखांच्या घरात धरला. अशा वेळी चिनी चहाचं कौतुक आणि फुलांचे वाफे शोभतात का? याला माझं उत्तर असं, की बागेच्या मातीचं वर्णन करणाऱ्या त्याच पहिल्या प्रकरणात नेहरू दुष्काळावर येतात, आणि तिथं त्यांची लेखणी संतापानं भरलेली आहे. छंदानं डोळे मिटले असते तर हे दोन मजकूर एका प्रकरणात आलेच नसते. छंद माणसाला बोथट करतो का, हे ज्याच्या त्याच्या पुढच्या कृतीवरून आणि लिखाणावरून ठरवावं. छंदात बुडून शेजारची किंकाळी ऐकू न येणारी माणसंही असतात, हे मी नाकारत नाही. या किल्ल्यातली माणसं तशी नव्हती.

दुसरा आक्षेप वर्गाचा आहे. बाग, पुस्तकं, हवा तो चहा हे पुढाऱ्यांना मिळालं, साध्या सत्याग्रहीच्या वाट्याला चक्की आणि ताग कुटणं आलं. हे खरंच आहे, आणि आठवणींच्या पुस्तकांत त्या कैद्यांना जागा कमी मिळाली हेही खरं. पण मुदतीची, क्रमाची भूक पुढाऱ्यांपुरती नव्हती. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी सोबतच्या कैद्यांपुढं गीतेवर बोलायला सुरुवात केली. दर रविवारी एक अध्याय. २१ फेब्रुवारीला पहिला, १९ जूनला अठरावा. मोजून अठरा रविवार झाले, एकही चुकला नाही. साने गुरुजी ते टिपून घेत होते, म्हणून आपल्याला ‘गीता प्रवचने’ मिळाली. ऐकणाऱ्यांत शेतकरी होते, गिरणीतले होते, शिकलेले होते. त्यांच्याकडं वाफा नव्हता, पण सोमवारपासून वाट पाहायला रविवार होता.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड, आणि तो खुद्द आझादांनीच उभा केला आहे. त्यांची पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात आजारी पडली. सरकारकडं विनंती करण्याची सूचना झाली, पण त्यांनी अर्ज करायला नकार दिला. ९ एप्रिल १९४३ ला ती गेली. त्यानंतरच्या पत्रात ते लिहितात की दिनक्रम आपण मोडला नाही, वेळेवर जेवणाच्या टेबलावर गेलो, नेहमीसारखं बोललो, पण तो सगळा वरवरचा देखावा होता, आतून शरीर आणि मन खचत होतं. म्हणजे दिनक्रम हा मुखवटा ठरतो का? काही अंशी ठरतोच. आगाखान पॅलेसमध्ये महादेवभाई अटकेनंतर सहा दिवसांतच गेले, त्यांचं दहन त्याच आवारात झालं, आणि तिथंच पुढं कस्तुरबा कॅरम खेळत असत. कॅरमनं ते दुःख पुसलं असेल असं म्हणणं हा त्या दुःखाचा अपमान होईल. माझा दावा तेवढा मोठा नाहीच. छंद दुःखावर औषध नसतो, तो दुःखाला बसायला जागा देतो. आझादांच्या त्याच पत्रात किल्ल्याच्या आवारातली एक जुनी, अनोळखी कबर येते. शेकडो वेळा नजरेखालून गेलेली ती कबर आता त्यांना आपली वाटू लागते. ज्या डोळ्यांना महिनोन्‌महिने चिमणीच्या हालचाली टिपायची सवय झाली होती, त्यांनाच ती दिसली.

मुदत नसलेली कैद इंग्रजांबरोबर संपली नाही. १९७५ च्या आणीबाणीत ‘मिसा’खाली पकडलेल्यांनाही तारीख नव्हती. मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात आणि प्रमिला दंडवते येरवड्यात, अठरा महिने. दोघांच्या पत्रांत संगीत येतं, कविता येते, वाचलेली पुस्तकं येतात. पत्रं तपासली जात असल्यामुळं राजकारण लिहिणं अवघड होतं हे एक कारण झालं. पण राजकारण लिहिता आलं असतं तर गाण्याविषयी लिहिलं नसतं, असं मला वाटत नाही.

नेहरूंनी ‘डिस्कव्हरी’ अर्पण केली ती किल्ल्यातल्या सहकाऱ्यांना आणि सहबंदींना, आणि अर्पणपत्रिकेत त्यांनी दोन तारखा घातल्या: ९ ऑगस्ट १९४२ आणि २८ मार्च १९४५. त्यांतली दुसरी तारीख, वाफे खणले जात होते तेव्हा, किल्ल्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हती.