हातोडा पडण्यापूर्वी

छर्‍याची बंदूक म्हटली की आपल्याकडे जत्रेतील फुग्यांचा फळा आणि त्याच्यापुढे एक डोळा मिटून नेम धरणारी मुले आठवतात. या वस्तूला स्वतःचा इतिहास आहे, तिच्या कारागिरीचे जाणकार आहेत आणि एखाद्या जीर्ण प्रतीसाठी ते शेकडो पौंड मोजावयास तयार असतात, ही कल्पना सहसा कोणाच्या मनास शिवत नाही. इंग्लंडमध्ये मात्र शस्त्रांचे लिलाव करणार्‍या पेढ्यांच्या याद्यांत तलवारी, पिस्तुले आणि शिकारी बंदुका यांच्या जोडीला जुन्या एअरगन्स नित्य आढळतात. आणि इंटरनेटवरून बोली लावण्याची सोय झाल्यापासून, ज्या लिलावास पूर्वी केवळ आसपासचे व्यापारी व हौशी लोक हजर राहत, त्यात आज आपल्या घरी बसलेला कोणीही नोंदलेला ग्राहक भाग घेऊ शकतो. सोय मोठी खरी. पण तिच्यामुळे नवख्या मनुष्याचा असा समज होतो की, बोली लावणे म्हणजेच खरेदी करणे. माझे मत निराळे आहे. बोली हे या व्यवहारातले सर्वांत शेवटचे आणि सर्वांत अल्प वेळाचे काम असून, खरी खरेदी त्याआधी, यादी, छायाचित्रे आणि अटी यांच्या सावकाश वाचनातच होऊन गेलेली असते.

हवेच्या दाबावर गोळी उडविण्याची विद्या जुनी आहे आणि ती मुलांच्या खेळापुरती कधीच नव्हती. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास गिरार्दोनी नामक कारागिराची हवेची रायफल स्वीकारली होती. तिच्या दस्त्याच्या जागी हवा कोंडण्याचे लोखंडी पात्र असे, आणि एकदा ते भरले की वीसएक गोळ्या धूर वा ज्वाला न दाखविता एकामागून एक झाडता येत. एकोणिसाव्या शतकात इंग्रज कारागिरांनी हातातल्या काठीच्या रूपाने हवेच्या बंदुका घडविल्या, आणि शेरलॉक होम्सच्या वाचकांना कर्नल मोरानचे नि:शब्द शस्त्र ज्या कथेत भेटते ती कथा १९०३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा अशी हत्यारे ही काही निव्वळ लेखकाची कल्पना राहिली नव्हती. अमेरिकेत मिशिगन प्रांतातील प्लिमथ येथे पवनचक्क्या तयार करणार्‍या एका कारखान्याने १८८८ साली गिर्‍हाइकांस आकर्षण म्हणून एक लहान एअरगन काढली, आणि ती एवढी खपली की पवनचक्क्या मागे पडून पुढे कारखान्याने त्या बंदुकीचे ‘डेझी’ हेच नाव धारण केले.

संग्राहकांचे खरे प्रेम मात्र, निदान इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमच्या मालावर आहे. बोअर युद्ध १९०२ मध्ये संपल्यावर लष्करी रायफलींची मागणी ओसरली. अशा काळात लिंकन जेफ्रीज या बंदूक-व्यावसायिकाने १९०४ साली पेटंट घेतलेली रचना बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, म्हणजे बीएसए, या कंपनीने १९०५ पासून आपल्या कारखान्यात घडवावयास घेतली. तिचे वैशिष्ट्य असे की, नळी न दुमडता नळीखालची दांडी ओढून आतली कमान ताणावयाची, आणि वरच्या बाजूस असलेली लहानशी फिरती तोटी उघडून तीत छर्रा ठेवावयाचा. नळी स्थिर राहिल्याने नेम ढळत नसे. ज्या यंत्रांवर सैन्याच्या रायफली निघत त्याच यंत्रांवर ही हवेची बंदूक घडविली गेल्यामुळे तिच्या पोलादात, सांध्यांत आणि अक्रोडी लाकडाच्या दस्त्यात एक प्रकारचे गांभीर्य उतरले आहे, आणि शंभर वर्षांनंतरही ते हाताला जाणवते. बर्मिंगहॅमभोवतालच्या मिडलँड्स भागातील मद्यगृहांत या बंदुकांचे सामने भरत; लोखंडी तबकडीला लहानसे भोक, त्यामागे घंटी, आणि सहा यार्डांवरून मारलेला छर्रा त्या भोकातून पार गेला की घंटी वाजे. श्रमजीवी माणसाच्या करमणुकीचा हा इतिहास राजेरजवाड्यांच्या तलवारींइतकाच जतन करण्यास योग्य आहे, असे मला मनापासून वाटते. पुढे १९२४ साली वेब्ली अँड स्कॉट या बंदूक-कंपनीने नळी वर उचलून भरण्याचे ‘मार्क वन’ एअरपिस्तूल काढले, आणि त्याची जुनी प्रत, तीही मूळ पेटीसह, आली की लिलावात चुरस होते.

आता यादीकडे वळू. प्रत्येक जिनसेला, म्हणजे ‘लॉट’ला, क्रमांक, वर्णन आणि अंदाजी किंमत अशी नोंद असते; अंदाज बहुधा दोन आकड्यांत, कमाल व किमान, दिलेला असतो. विकणार्‍याने ठरविलेली किमान रक्कम, तिला ‘रिझर्व्ह’ म्हणतात, ती गुप्त असते आणि सामान्यतः खालच्या अंदाजाच्या वर जात नाही. परंतु हातोडा ज्या आकड्यावर पडतो तो आपल्या खिशातून जाणारा आकडा नसतो, हे पुष्कळांना पहिल्या बिलानंतर समजते. समजा, हातोडा ५०० पौंडांवर पडला, पेढीची अडत शेकडा २५ आहे आणि ज्या संकेतस्थळावरून बोली लावली त्याचे शुल्क शेकडा ५ आहे: अडतीचे १२५, संकेतस्थळाचे २५ आणि या दीडशेवर २० टक्के कर म्हणजे ३०, अशी बेरीज ६८० पौंडांवर जाते, आणि रवानगीचा खर्च अद्याप बाकीच आहे. दर पेढीपेढीनुसार बदलतात. अटींचा दस्तऐवज शेवटच्या कलमापर्यंत वाचल्यावाचून नोंदणी करू नये. आपली मर्यादा ठरवावयाची ती या शेवटच्या बेरजेवरून मागे येत. म्हणजे रवानगी वगळून ६८० हीच आपली शक्ती असेल, तर बोली ५०० वर थांबली पाहिजे.

छायाचित्रांचे वाचन हा सर्वांत कठीण आणि मला सर्वांत रसपूर्ण वाटणारा भाग. संग्राहक मोल देतो ते मूळपणाला. पोलादावरचा निळसर काळा मुलामा जागोजाग उडालेला, कडांना तपकिरी छटा आलेली, अशी बंदूक बहुधा खरी. आणि जी आरशासारखी चकचकीत, जिच्यावर एकही ओरखडा नाही, तिच्याविषयी शंका घ्यावी, कारण कोणीतरी ती घासून तिला नवा मुलामा दिला असण्याचा संभव असतो. याची खूण अक्षरांत सापडते. बीएसएच्या मालावर परस्परांना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफलींची मुद्रा आणि कंपनीचे नाव कोरलेले असते. चित्र मोठे करून पाहावे, आणि त्या रेघांच्या कडा झिजून गोल झाल्या असतील, किंवा नव्या काळ्या रंगाखाली गंजाचे खळगे दिसत असतील, तर पॉलिशच्या चाकाने आपले काम केले आहे असे समजावे. मग स्क्रू पाहावेत. खाचा फाटलेल्या असल्यास अनाडी हातांनी ती उघडली आहे. आतली कमान किंवा दट्ट्यावरची चामड्याची चकती बदललेली असणे हा मात्र दोष मानू नये, कारण या वस्तू झिजण्यासाठीच असतात. परके मागचे नेमसाधन, बदललेला दस्ता, कापलेली नळी, हे दोष खरे. यादीत ‘एएफ’ अशी अक्षरे आढळली की जिन्नस आहे तशा, सदोष स्थितीत विकली जात आहे, असा अर्थ घ्यावा.

चित्रात न दिसणार्‍या गोष्टींसाठी पेढीकडे स्थितीचा अहवाल मागावा; तो बहुधा विनामूल्य मिळतो. प्रश्न नेमके असावेत: कमान ताणल्यावर चाप ओढेपर्यंत ती टिकते काय, नळीच्या आतील खाचा स्पष्ट आहेत काय, क्रमांक सर्वत्र एकच आहे काय, मुठीच्या खालचे छायाचित्र पाठवाल काय. ‘स्थिती चांगली आहे काय’ एवढेच विचारणार्‍यास ‘वयोमानानुसार चांगली’ एवढेच उत्तर मिळते. शक्य असेल त्याने मांडणीच्या दिवशी स्वतः जाऊन जिन्नस हातात घ्यावी. इंटरनेटने तो मार्ग बंद केलेला नाही.

बोलीच्या दोन पद्धती आहेत. एकीत प्रत्यक्ष दालनात लिलावदार पुकारा करीत असतो आणि त्याचे चित्र व आवाज आपल्या पडद्यावर येतो, पण किंचित उशिरा. म्हणून अंतिम क्षणाची वाट पाहणार्‍याची बोली हातोड्यानंतर पोहोचण्याचा धोका असतो. दुसरीत पुकारणारा कोणी नसून ठरलेल्या घटिकेस मुदत संपते, आणि अखेरच्या मिनिटांत नवी बोली आल्यास पुष्कळ ठिकाणी मुदत आपोआप वाढते. दोन्हींतही आपली कमाल रक्कम आधी कळवून ठेवता येते, आणि पेढी किंवा यंत्रणा आपल्या वतीने तेवढ्यापर्यंत टप्प्याटप्प्याने चढत जाते. नवख्याने हाच मार्ग धरावा असे मी आग्रहाने सांगेन; पडद्यावर आकडे हलताना विवेक फार लवकर हलतो.

कायद्याची बाजू दुर्लक्षून चालणार नाही. इंग्लंड व वेल्समध्ये १२ फूट-पौंड शक्तीपर्यंतच्या हवेच्या रायफली आणि ६ पर्यंतची पिस्तुले अठरा वर्षांवरील व्यक्तीस परवान्यावाचून घेता येतात. पण २००६ च्या कायद्यान्वये व्यापारी पेढीला ती डाकेने थेट ग्राहकाच्या घरी पाठविता येत नाही. स्वतः जाऊन ताब्यात घ्यावी लागते, किंवा आपल्या गावच्या नोंदणीकृत शस्त्रविक्रेत्याकडे मागवून त्याच्या समक्ष घ्यावी लागते, व तो त्याचे शुल्क घेतो. स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरीपासून प्रमाणपत्र सक्तीचे आहे. काडतुसातच हवा भरण्याच्या पद्धतीची, ‘ब्रोकॉक’ नावाने परिचित असलेली हत्यारे तर २००४ पासून निषिद्ध शस्त्रांत गणली जातात, आणि जुन्या पेटीत ती कोणास आढळल्यास त्याने प्रथम पोलिसांस कळवावे.

भारतात बसून परदेशच्या लिलावात बोली लावणार्‍याने त्याहून अधिक सावध असावे. २०१६ च्या शस्त्रनियमांत २० जूलांहून अधिक शक्तीच्या किंवा .१७७ इंचाहून रुंद नळीच्या हवाई शस्त्रास परवाना लागतो, आणि आयातीचा प्रश्न स्वतंत्रच आहे. जकात खात्याच्या गोदामात वस्तू अडकून पडण्यापेक्षा पैसे भरण्यापूर्वी लेखी खुलासा मिळविणे केव्हाही श्रेयस्कर.

आणि आपल्या घरचाही एक विषय आहे. वालचंद हिराचंद यांनी १९२६ साली स्थापिलेल्या इंडियन ह्यूम पाइप या मुंबईच्या कंपनीने पाइपांखेरीज ‘नॅशनल’ या नावाच्या एअरगन्सही काढल्या होत्या, आणि त्या आजही कित्येक घरांच्या माळ्यावर पडून असतील. ज्यांच्याकडे अशी बंदूक, तिचे खोके किंवा पावती असेल, त्यांनी ती भंगारात देण्यापूर्वी नळीवरची अक्षरे व क्रमांक टिपून घ्यावेत, चारी बाजूंनी छायाचित्रे काढावीत आणि घरातील वडीलधार्‍यांकडून ती केव्हा, कोठून व किती रुपयांस घेतली हे विचारून त्याच कागदावर लिहून ठेवावे.