परसबाग आणि जुना बाजार

मराठी घराच्या मागल्या मोकळ्या जागेस परसूं म्हणतात, आणि तेथें लाविलेल्या भाजीपाल्यास परसबाग. खेड्यांत परसूं हें घराबरोबरच येतें. शहरांत तें मुद्दाम मिळवावें लागतें. चाळीमागची दहा हात जागा, गच्चीचा एखादा कोपरा किंवा खिडकीबाहेरची लोखंडी जाळी, एवढ्यावरहि हौशी माणूस आपली परसबाग उभी करितो. या हौसेला कित्येक कुटुंबें दुसरा एक उद्योग जोडून घेतात. जुन्या वस्तू स्वस्तांत घ्यावयाच्या, घासूनपुसून व दुरुस्त करून विकावयाच्या, आणि ज्या विकल्या जात नाहींत त्या बागेंत उपयोगास लावावयाच्या. हे दोन उद्योग एकमेकांस कसे पूरक होतात, त्यांत लाभ किती व धोका कोठें, याचा थोडा विचार येथें करूं.

या विचारास वागळे इस्टेटीसारखें दुसरें योग्य ठिकाण सांपडणें कठीण. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म १ ऑगस्ट १९६२ रोजीं झाला, व त्याचा लहानसा समारंभ मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालीं ठाण्याच्या याच वागळे इस्टेटींत झाला. येथें यंत्रांचे, औषधांचे व रसायनांचे कारखाने उभे राहिले, आणि त्यांच्या आसऱ्यानें भोंवतीं कामगारांच्या वस्त्या वाढल्या. कालांतरानें पुष्कळ कारखाने बंद पडले किंवा दूर गेले; कांहींच्या जागीं संगणकाच्या कामाच्या उंच कचेऱ्या आल्या. कारखाना उठला म्हणजे मागें पुष्कळ सामान उरतें: मेजें, कपाटें, मांडण्या, लाकडी पॅलेटें, तारा, पत्रे आणि रिकामीं पिंपें. ज्यांची नोकरी गेली त्यांना पोटाचा दुसरा उद्योग शोधावा लागतो, आणि तो कधीं कधीं या उरलेल्या सामानांतच सांपडतो. म्हणून हा विषय केवळ हौसेचा नाहीं. एखाद्या घरीं मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्चहि त्यावर अवलंबून असतो.

जुन्याचा व्यापार आपल्याकडे नवा नव्हे. डोक्यावर भांड्यांची टोपली घेऊन दारोदार फिरणारी बोहारीण सर्वांच्या परिचयाची आहे. जुने कपडे घेऊन ती त्यांच्या बदल्यांत भांडें देते. लुगडें उजेडासमोर धरून तें कोठें विरलें आहे हें ती एका नजरेंत ओळखते, आणि मग घासाघीस सुरू होते. ते कपडे पुढें धुतले, सांधले व इस्त्री केले जातात, आणि ज्यांस नवें परवडत नाहीं त्यांच्या अंगावर चढतात. मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार हीं याच व्यापाराचीं मोठीं रूपें होत.

या व्यापाराचें मर्म एका वाक्यांत सांगतां येईल: भंगारवाला वस्तु वजनावर घेतो, आणि जाणता विक्रेता तीच वस्तु नगावर विकतो. शिवणयंत्राचा जुना बिडाचा सांगाडा भंगारांत केवळ लोखंड असतो; त्यावर एक घोटलेली फळी बसविली कीं त्याचें मेज होतें. कराडजवळच्या ओगलेवाडीस ओगले काच कारखान्यानें काढलेला प्रभाकर कंदील एके काळीं महाराष्ट्रांत घरोघरीं असे. आज तो भंगारांत पत्र्याच्या भावानें पडतो. परंतु कांच शाबूत असेल, चिमणी न तडकलेली असेल व वात वरखालीं करणारी किल्ली फिरत असेल, तर तो जपून ठेवणारा ग्राहक मिळतो. वजन आणि नग या दोहोंमधील अंतर ज्ञानानें व श्रमानें भरून निघतें. नफा म्हणतात तो या दोहोंचाच मोबदला होय.

अशा घराचा दिवस लवकर सुरू होतो. नळाचें पाणी येण्याची वेळ ठरलेली, म्हणून प्रथम पाणी भरणें. मग रोपांस पाणी, पानांखालीं कीड पाहणें, आणि स्वयंपाकघरांतील सालीं व देंठ खताच्या पेटींत टाकणें. सकाळीं उन्हें वर येण्यापूर्वीं भंगाराच्या दुकानांवर एक फेरी होते, कारण चांगली वस्तु दुपारपर्यंत टिकत नाहीं. दुपार दुरुस्तीची. संध्याकाळीं मोबाईलवर छायाचित्रें काढून गिऱ्हाइकांस पाठविणें व ठरलेला माल पोंचविणें. यांत घरांतील सर्वांचा हात लागतो; आजीबाईस ठाऊक असलेलें बियांचें ज्ञान आणि मुलीच्या हातांतील फोन, दोन्ही कामास येतात.

दुरुस्तीचें एक उदाहरण घेऊं. पितळेचें जुनें पातेलें हातीं आलें. पितळ म्हणजे तांबें व जस्त यांचा मिश्रधातु. त्यांत चिंच, ताक किंवा लिंबू ठेविलें कीं आम्लानें धातु विरघळूं लागतो व अन्न कळकतें. म्हणून आंतून कल्हई हवी. कल्हईवाला भांडें तापवितो, नवसागराची पूड टाकितो. तिच्या योगानें धातूवरील मळ व गंज निघून पृष्ठभाग स्वच्छ होतो. मग कथलाची कांडी टेंकवितो. कथील सुमारें २३२ अंश सेंटिग्रेडला वितळतें, म्हणून तें तत्काळ पाण्यासारखें होतें, व कापसाच्या बोळ्यानें सर्व अंगास पसरतां येतें. पाहतां पाहतां पिवळें भांडें आंतून चांदीसारखें होतें. कल्हई नसलेलें पातेलें विकणाऱ्यानें तें शोभेसाठीं आहे असें स्पष्ट सांगावें. स्वयंपाकासाठीं म्हणून देऊं नये.

आतां या लेखांतील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळूं. औद्योगिक वसाहतींत सर्वांत स्वस्त व सर्वांत मोहक वस्तु म्हणजे निळें प्लॅस्टिकचें २०० लिटरचें पिंप. मधोमध कापलें कीं दोन मोठ्या कुंड्या होतात. टोमॅटो, वांगीं, पालक, सर्व कांहीं त्यांत पिकतें. पण त्या पिंपांत पूर्वीं काय होतें? पिंपाच्या तळाशीं त्रिकोणांत एक आंकडा असतो. २ म्हणजे घट्ट जातीचें पॉलिएथिलीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. हा आंकडा पाहून पुष्कळ लोक पिंप चांगलें ठरवितात. ही चूक होय. तो आंकडा पिंप कशाचें बनलें तें सांगतो. त्यांत काय भरलें होतें तें सांगत नाहीं.

प्लॅस्टिक कांचेसारखें नसतें. कित्येक द्रावकें व तेलकट द्रव्यें त्याच्या अंगांत मुरतात. साबणानें वरचा थर जातो, मुरलेलें जात नाहीं; पुढें ओल्या मातींत तें हळूहळू उतरतें, मातींतून मुळांत व मुळांतून पानांत येऊं शकतें. वास गेला म्हणजे विष गेलें, असें नव्हे. घातक रसायनांनीं माखलेलीं रिकामीं पिंपें इ. स. २०१६ च्या केंद्रीय नियमांत धोकादायक कचऱ्यांतच गणिलीं आहेत, व तीं परवानगी असलेल्या संस्थेकडेच सोंपविलीं पाहिजेत. तेव्हां टोंकावर उभ्या केलेल्या चौकोनांत ज्वाला, कवटी किंवा हातावर ठिबकणारा थेंब असें चित्र पिंपावर दिसलें, किंवा चिठ्ठी खरवडून काढलेली दिसली, तर तें पिंप घेऊं नये, विकूं नये, आणि कोणास फुकटहि देऊं नये. खाद्य तेल, साखरेचा पाक, लोणचें यांचें पिंप, ज्यावरील चिठ्ठी शाबूत आहे व जें मिठाईवाल्याकडून किंवा खाद्यपदार्थांच्या कारखान्यांतून थेट आलें आहे, तेवढेंच भाजीस योग्य. दोन पैसे अधिक पडले तरी चालतील.

हाच प्रश्न इतर वस्तूंसहि विचारावा. परदेशी मालाबरोबर आलेल्या लाकडी पॅलेटवर ठसा असतो, त्यांत ‘एच. टी.’ अक्षरें असतील तर लाकूड उष्णतेनें निर्जंतुक केलेलें आहे, ‘एम. बी.’ असतील तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूनें. वाफे करण्यास पहिलेंच घ्यावें. जुन्या दारांखिडक्यांच्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दशलक्ष भागांत ९० पेक्षां अधिक नसावें, हा नियम भारतांत इ. स. २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वींचा रंग कोरडाच घासूं नये, व त्याचा चुरा मातींत पडूं देऊं नये. पाडलेल्या शेडचे जुने सिमेंटचे पत्रे तोडूं नयेत, कारण त्यांतील ॲस्बेस्टॉसचे तंतु श्वासाबरोबर फुप्फुसांत जातात. तांब्यासाठीं तारांवरील प्लॅस्टिक जाळणें तर सर्वथैव वर्ज्य समजावें. त्या धुरानें मिळकतीपेक्षां अधिक मोल आपलें व शेजाऱ्यांचें आरोग्य देतें.

बागेचें शास्त्र त्या मानानें सोपें आहे. ठाण्यास पावसाळ्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्या दिवसांत अळू, मायाळू, पडवळ व दोडका यांना जोर येतो, परंतु कुंडीच्या तळास भोकें नसलीं तर मुळें कुजतात. पावसाळा सरला कीं मेथी, पालक, मुळा, टोमॅटो. खताच्या पेटींत ओल्या सालींबरोबर कोरडा पालापाचोळा घालावा, म्हणजे दुर्गंधि येत नाहीं. तो पालापाचोळा आपल्या आवारांतला असावा. येऊरच्या बाजूस राष्ट्रीय उद्यानाचें वन आहे, तेथून माती वा पानें उचलणें कायद्यास धरून नाहीं. भिजल्या मातीनें भरलेलें अर्धें पिंप दीडशें किलोच्या घरांत जातें, हेंहि ध्यानांत ठेवावें. जुन्या इमारतीच्या सज्ज्यावर अशीं चार पिंपें ठेवणें म्हणजे संकट ओढवून घेणें होय. आणि विक्रीसाठीं अंगणांत रचलेल्या डबे, टायर, बादल्या यांत पाणी साचूं देऊं नये. डेंग्यूचा डांस अशा स्वच्छ पाण्यांतच अंडीं घालतो, आणि त्यापासून डांस होण्यास आठदहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यांतून एक दिवस सर्व भांडीं पालथीं घालून कोरडीं करण्याचा नेम असावा.

या बागेवर घर चालेल काय? कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनीं ‘प्रयोग परिवार’ या चळवळीच्या द्वारें असें प्रतिपादिलें कीं, सूर्यप्रकाश, पाणी व माती यांचा शास्त्रशुद्ध उपयोग केल्यास दहा गुंठे जमिनींत पांच माणसांचें कुटुंब निर्वाह करूं शकेल. दहा गुंठे म्हणजे पाव एकर. चाळीमागील चार कुंड्या व पाव एकर यांतील अंतर उघड आहे. आपली परसबाग पोट भरीत नाहीं; ती ताटांत ताजी पालेभाजी घालते, घरचा कचरा कमी करिते व मुलांस वाढीचें शास्त्र शिकविते. तेवढा लाभ थोडा नव्हे, पण त्याला पगार समजूं नये.

जुन्या मालाचाहि हिशेब असाच रोखठोक मांडावा. समजा, एक पातेलें ३०० रुपयांस घेतलें, कल्हईस १५० व जाण्यायेण्यास ५० लागले, आणि तें ७०० रुपयांस विकलें. राहिले २०० रुपये. चार तास श्रम झाले असतील तर तासास ५० रुपये पडले. आतां अशीं तीन पातेलीं केलीं व त्यांपैकीं दोनच विकलीं. दोहोंचे मिळून ४०० रुपये सुटले, पण तिसऱ्यांत ५०० अडकले; म्हणजे हातांत १०० रुपये कमीच. न विकलेला माल हा नफ्यास लागलेली वाळवी होय. यास्तव जें ओळखतां येतें व दुरुस्त करितां येतें तेवढेंच घ्यावें. स्वस्त मिळालें एवढ्यासाठीं घेऊं नये. नाहीं तर थोड्याच काळांत घराचें भांडार न होतां भांडाराचेंच घर होतें.

शेवटीं कायदा व सचोटी. ज्या वस्तूचा धनी कोण हें विकणारा सांगत नाहीं, ती घेऊं नये. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमान्वयें, चोरीचा माल आहे हें जाणून किंवा तसें मानण्यास कारण असतां तो बेइमानीनें घेणें हा अपराध आहे. तसेंच शंभर वर्षांहून जुन्या मूर्ति, नाणीं यांसारख्या पुरावस्तूंचा व्यापार इ. स. १९७२ च्या कायद्यान्वयें परवान्यावांचून करितां येत नाहीं. परंतु कायदा सांगतो तेवढ्यावर सज्जन माणूस थांबत नाहीं. भांड्यास झाळ दिलेली आहे, कंदिलाची टांकी गळते, मेजाच्या पायास वाळवी लागून गेली होती, हें गिऱ्हाइकानें विचारण्यापूर्वींच सांगावें. नवी वस्तु विकणाऱ्याच्या पाठीशीं कारखान्याचें नांव असतें; जुनी वस्तु विकणाऱ्याच्या पाठीशीं केवळ त्याचा शब्द.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कित्येकांच्या घरीं असे उद्योग चालू असतील, व सुटीच्या दिवशीं तुम्ही त्यांत हातभार लावीत असाल. त्या कामाची लाज वाटूं देऊं नका. टाकून दिलेल्या वस्तूंत उपयोग पाहणारी दृष्टि आणि तो बाहेर काढणारे हात, दोन्ही विद्येइतकींच मोलाचीं आहेत. मात्र वर्गांत जें रसायनशास्त्र व जें अंकगणित शिकतां, तें घरच्या अंगणांतहि बरोबर न्या. वडील एखादें पिंप घेऊन आले तर त्यांस नम्रपणें विचारा, ‘यांत पूर्वीं काय होतें?’ आणि उत्तर मिळाल्यावांचून त्यांत बीं टाकूं नका.