बागेतल्या फेऱ्या आणि पायाची बोटं



मागच्या जुलैत मी एक वेडेपणा केला. आम्स्टरडॅमच्या व्होंडलपार्कमध्ये सकाळी ९ पासून संध्याकाळी ६ पर्यंत फेऱ्या मारल्या. वय ७४, मधुमेह १९ वर्षांचा. त्या दिवसातून मला जे कळलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल, म्हणून लिहिते.

त्या आठवड्यात माझी नात नायमेखन शहरातल्या चार दिवसांच्या चालीत भाग घेत होती. ही चाल १९०९ साली सुरू झाली. दरवर्षी जुलैत चाळीस हजारांवर माणसं मंगळवार ते शुक्रवार रोज ३०, ४० किंवा ५० किलोमीटर चालतात. साठीच्या पुढच्यांना ३० किलोमीटर चालूनही पदक मिळतं. नात म्हणाली, "आजी, तू इथे बागेत चाल, मी तिथे चालते." मला हुरूप आला.

व्होंडलपार्क १८६५ साली लोकांसाठी खुलं झालं. तळी, बगळे, मोठी झाडं, आणि कडेकडेने एक डांबरी वाट. पूर्ण फेरी तीन किलोमीटरच्या थोडी वर भरते. म्हाताऱ्या माणसाला लांबच्या रस्त्यापेक्षा फेरी बरी. दमलं तर बाक जवळ, लघवीला लागलं तर सोय ठाऊक असते, आणि घरापासून आपण कधीच फार दूर जात नाही. इथे एकच जपायचं, ते म्हणजे सायकलवाले. ते घंटी वाजवतात, पण थांबत नाहीत.

तयारी मी दीड महिना आधी सुरू केली. पहिल्या आठवड्यात एक फेरी, मग दीड, मग सकाळी दोन आणि संध्याकाळी एक. आमच्या घरच्या डॉक्टरांनी रक्तदाब आणि हृदय तपासून परवानगी दिली. ही तपासणी टाळू नका. नायमेखनच्या राडबाउड वैद्यकीय केंद्रातल्या संशोधकांनी ७२५ चालणाऱ्यांचं रक्त चालण्याआधी आणि नंतर तपासलं. हृदयाच्या स्नायूंवर ताण आला की रक्तात उतरणारं एक प्रथिन साधारण अकरातल्या एकाच्या रक्तात मर्यादेबाहेर गेलेलं होतं. पुढच्या काही वर्षांत या लोकांमध्ये हृदयविकार आणि मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसलं. याचा अर्थ चालणं वाईट असा नाही. लांब चालण्याआधी हृदयाची विचारपूस करावी, एवढाच आहे.

दिवसाचा हिशोब सोपा ठेवला होता. एक फेरी, मग अर्धा तास बाक. दुपारी पोळी-भाजी आणि तासभर झाडाखाली आडवं होणं. अशा पाच फेऱ्या. खिशात साखरेचे चार खडे. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर चालताना एकदम उतरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच बसावं आणि साखर तोंडात टाकावी. अशी साखर त्या रात्रीही उतरू शकते, म्हणून झोपण्याआधी एकदा तपासावी.

पाण्याचंही सांगते. २००६ साली नायमेखनला इतका उन्हाळा होता की पहिल्याच दिवशी दोन चालणारे दगावले आणि पुढचे तीन दिवस रद्द करावे लागले. उन्हाच्या दिवशी घरी राहावं, यात कमीपणा नाही. पण भीतीपोटी नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं, कारण रक्तातलं मीठ पातळ होतं आणि माणूस गोंधळतो. तहानेप्रमाणे थोडं थोडं प्यावं, बरोबर काहीतरी खावं. लघवी जास्त होण्याची गोळी घेणाऱ्यांनी आणि हृदय कमजोर असलेल्यांनी पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

एवढं सगळं केलं, पाच फेऱ्या झाल्या, पाय जड झाले पण कुठे दुखलं नाही. फुशारकीने घरी आले. लेकीने बूट काढायला मदत केली आणि ती गप्प झाली. डाव्या मोज्याच्या टोकाला रक्त होतं. करंगळीवर वाटाण्याएवढा फोड येऊन फुटला होता. मोजे नवे होते, शिवण आतून जाड होती. तिसऱ्या फेरीपासून घासत असणार. मला काहीच कळलं नव्हतं.

दुखलं नाही, याचीच मला भीती वाटली. मुंबईला सर्जिकल वॉर्डात असताना माझ्याकडे कोकणातले एक गृहस्थ होते. चपलेतून वर आलेला खिळा पायात घेऊन ते दोन दिवस हिंडले होते. त्यांचा पाय घोट्याच्या वर कापावा लागला. त्यानंतर कितीतरी रुग्णांना मी शिकवलं, "रोज पाय बघा." आणि स्वतःचे पाय? वर्षभरात नीट पाहिले नव्हते.

असं का होतं ते सांगते. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसा खराब होतात. सगळ्यांत लांब नसा आधी, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. दुखणं हा शरीराचा राखणदार आहे. तो झोपला की चोर आत शिरतो आणि घरमालकाला पत्ता नसतो.

राखणदार जागा आहे का, हे घरी दोन मिनिटांत पाहता येतं. इंग्लंडमधल्या इप्सविच गावाच्या नावाने ही तपासणी ओळखली जाते. तुम्ही डोळे मिटून पडा. घरातल्या माणसाने दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटं आणि करंगळ्या यांच्या टोकांना आपल्या बोटाने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा. दाबायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. स्पर्श कळला की "हो" म्हणा. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर डॉक्टरांना पाय दाखवा. लेकीने त्याच रात्री माझी तपासणी केली. मी चार वेळा "हो" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जखम धुऊन पट्टी बांधली. तीन आठवडे फेऱ्या बंद. जखम भरली, मी सुटले. आता माझे नियम असे. बूट संध्याकाळी घ्यायचे, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. घालण्याआधी आत हात फिरवायचा. मोजे बिनशिवणीचे आणि पांढरे, म्हणजे डाग लगेच दिसतो. चालताना प्रत्येक बाकावर मोजा काढून पाय बघायचा. तळवा आरशात बघायचा. गरम पाण्यात पाय बुडवायचे नाहीत, आणि फोड किंवा कुरूप ब्लेडने कापायचं नाही.

आणि दिवसभर चालायलाच हवं का? मुळीच नाही. दहा हजार पावलांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजण्याचं यंत्र विकण्यासाठी पुढे आला. २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांवर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्या बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साधारण ७,५०० च्या पुढे जास्त फरक दिसला नाही. म्हणजे बागेच्या दोन फेऱ्या पुष्कळ झाल्या. छातीत दुखलं, दम लागून बोलता येईना, तर पुढचं पाऊल टाकू नका.

शुक्रवारी नात पदक आणि ग्लॅडिओलसची फुलं घेऊन घरी आली. तिथे शेवटच्या दिवशी ही फुलं देतात. इथे जुलैत सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणून शब्बाथचे दिवे लावायला वेळ होता. तिने पाय माझ्या मांडीवर ठेवले. सहा फोड. मी बोट लावलं तशी ती ओरडली, "आजी, दुखतंय!"

बाळा, दुखू दे, असं मी मनात म्हटलं, आणि देवाचे आभार मानले.

आज रात्री झोपण्याआधी कुणाला तरी सांगा, माझ्या पायाच्या बोटांना जरा हात लाव.