समुद्रघोडा : वाळका असला तरी बंदीचाच माल

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. पण उरुसा-जत्रेच्या बाजारात शंख, कवड्या, शिंपले येतातच. म्हणून समुद्रातला कोणता माल कायद्याने बंद आहे, हे आपल्या दुकानदारांनी आणि कारागिरांनी माहीत करून घ्यावे. आम्हा कापडवाल्यांना शाहतूशची शाल ठाऊक आहे. चिरू मारल्याशिवाय तिची लोकर मिळत नाही, म्हणून तो माल बंद. समुद्रघोड्याचेही तसेच आहे.

हा मासा आहे. पाणघोडा वेगळा, तो आफ्रिकेतला अवाढव्य प्राणी. समुद्रघोड्याचे तोंड घोड्यासारखे असते आणि शेपटीने तो समुद्रगवताला धरून राहतो. मादी अंडी नराच्या पिशवीत घालते आणि पिल्ले नराच्या पोटून बाहेर येतात! अल्लाहची कुदरत. हा मासा पोहण्यात मंद, जागा सहसा सोडत नाही. त्यामुळे एकदा उचलला की ती जागा लवकर भरत नाही.

चिनी औषधांत दमा आणि ताकदीसाठी वाळक्या समुद्रघोड्याला मोठी मागणी. आपल्याकडून हा माल मुख्यतः तामिळनाडूच्या किनाऱ्यावरून, पाल्कची सामुद्रधुनी आणि मन्नारच्या आखातातून जाई. जुलै 2001 मध्ये केंद्र सरकारने त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातले.

इथे व्यापाऱ्याची गफलत होते. 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराने मे 2004 पासून समुद्रघोडा दुसऱ्या यादीत घेतला. त्या यादीतला माल परवान्याने विकता येतो. दहा सेंटिमीटरपेक्षा लहान समुद्रघोडा विकू नये, अशी शिफारसही आहे. पण परदेशात परवान्याने चालतो म्हणून आपल्याकडे चालेल, असे नाही. भारताचा कायदा त्याहून कडक आहे. 'जाळ्यात आपोआप आला, मेलेलाच होता' ही सबब उपयोगाची नाही. काचेच्या बाटलीतला किंवा किल्लीच्या साखळीतला एकच नग असला तरी तो बंदीचाच माल. कोणी दम्याची दवा म्हणून पुढे केला, तर भावसुद्धा विचारू नये.

मात्र बंदीने सगळे भागले नाही. कोळंबीसाठी ट्रॉलरचे जाळे समुद्राचा तळ खरवडत जाते, त्यात समुद्रघोडेही येतात, तेही दर वर्षी लाखांनी. गरीब खलाशी ते उन्हात वाळवतो, चार पैशांसाठी दलालाला देतो. पकडला जातो तो बहुधा हाच खलाशी किंवा छोटा विक्रेता. माझ्या मते किनाऱ्याजवळची ट्रॉलरची मासेमारी खरोखर थांबली, तर समुद्रघोड्याला जप्तीपेक्षा जास्त फायदा होईल. तो नियम कागदावर बहुतेक किनारी राज्यांत आहेच.