पंचेचाळीस फुटांच्या वर

सांगलीत जुलै-ऑगस्टात फोन आला की तब्येतीची चौकशी नंतर होते. आधी 'आयर्विनला किती?' हे विचारलं जातं, आणि उत्तर फुटांत येतं. १९२९ साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते खुल्या झालेल्या या पुलापाशी कृष्णेची पातळी मोजतात. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. सरकारचा हिशेब इथं संपतो. गावाचा हिशेब याहून बारीक आहे. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड, दत्तनगर इथली कुटुंबं चाळिशी गाठायच्या आधीच बोचकी बांधायला घेतात. मारुती चौकातला दुकानदार पंचेचाळिशीपर्यंत गल्ल्यावर निवांत बसलेला असतो. विश्रामबागेला कशाचीच काळजी नसते, फक्त पाहुणे किती येणार याचा अंदाज बांधायचा असतो.

पूर हा या गावाला कधी परका नव्हता. कृष्णामाई दुथडी भरली की बायका ओटी भरायला घाटावर जायच्या, पोरं आयर्विनवरून उड्या मारायची, बाकीचं गाव मक्याची कणसं खात कठड्याला टेकून पाणी बघायचं. नदीकाठच्या गावांत गुळाची काहील पाण्यात लोटून पलीकडे जाणारी माणसं होती. भोपळे कमरेला बांधून पोहायला शिकलेली एक पिढी अजून हयात आहे. खाली नृसिंहवाडीला तर पुराचं पाणी देवळात शिरून पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडतं, तेव्हा त्या पाण्यात स्नान करायला गर्दी उसळते. पूर आला म्हणून सोहळा करणारा हा मुलूख. तो पुराला घाबरायला लागला, त्याला वीस-एकवीस वर्षं झाली.

सुरुवात २००५ ची. मुंबईच्या २६ जुलैच्या महापुराच्या पाठोपाठ कृष्णा, वारणा आणि पंचगंगा एकदमच फुगल्या. देशाचं लक्ष मुंबईकडे असताना आयर्विनजवळ पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं. त्या वेळी बुडालेल्या गोष्टींपैकी एकीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ती पुन्हा उभी राहिली नाही. सांगली म्हणजे हळदीची पेठ, आणि शेजारच्या हरिपूरला हळदीची पेवं. जमिनीत खोल खणलेली, तोंडाला अरुंद आणि पोटात मोठी. हळद भरून तोंड बंद केलं की आत हवा जात नाही, कीड लागत नाही, वर्षानुवर्षं माल टिकतो. मातीचा तो विशिष्ट थर हरिपूरला होता म्हणून ही साठवण तिथं चालली. २००५ च्या पाण्याने पेवंच्या पेवं भरली. हळद कुजली, भिंती ढासळल्या. त्यानंतर व्यापाऱ्यांनी गोदामं आणि शीतगृहं जवळ केली. पिढ्यान्‌पिढ्या चाललेला कारभार एका पावसाळ्यात आटोपला आणि त्याची फारशी कुठं नोंदही झाली नाही.

पूर ओसरल्यावर लोकांनी भिंतींवर खुणा केल्या. कुणी रंगाने रेघ ओढली, कुणी खिळा ठोकला. '२००५ ला पाणी इथवर' असं पाहुण्यांना दाखवायची ती जागा झाली. नवं घर बांधताना जोतं त्या रेघेच्या वर घेतलं, पंप आणि मीटर त्या रेघेच्या वर चढवले. शहाणपणच होतं ते. पण याच रेघेने चौदा वर्षांनी दगा दिला.

२०१९ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सह्याद्रीवर पाऊस थांबेना. १०५ टीएमसीची कोयना भरत आली होती, वारणेचं चांदोलीही. धरणांतून सोडलेलं पाणी, खालच्या मोकळ्या खोऱ्यात पडणारं पाणी, ओढ्यानाल्यांचं पाणी, सगळं एकाच वेळी सांगलीच्या वळणावर आलं. बाहेर पडा म्हणून सांगायला आलेल्यांना कितीतरी घरांतून तेच उत्तर मिळालं: २००५ ला पायरी ओलांडली नव्हती, आता काय ओलांडणार? धान्य माळ्यावर टाकून माणसं वरच्या मजल्यावर जाऊन बसली. गोठ्यातली जनावरं सोडून जायचं कसं, हा दुसरा प्रश्न. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. एसटी स्टँड पाण्यात, बाजारपेठ पाण्यात, पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ शिरोलीला बंद. त्यामुळे दूध, पेट्रोल, औषधं सगळंच अडलं.

८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये माणसं घेऊन निघालेली गावचीच बोट उलटली. अनेक जण गेले, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. गावाला वेळेवर दुसरी बोट मिळाली नाही, म्हणून होती तिच्यात मावतील त्याहून जास्त माणसं बसली. त्याच सुमारास मुंबईत एक शासन निर्णय निघाला होता: दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात राहिलेल्यांना दहा किलो गहू, दहा किलो तांदूळ. त्यावर जो संताप उसळला तो रास्तच होता.

गावाने मात्र गाव सांभाळलं. मंगल कार्यालयं, शाळा, मठ, मशिदी उघडल्या. मिरज आणि कुपवाडकडच्या घरांत अनोळखी कुटुंबं आठ-आठ दिवस राहिली. पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यांतून भाकऱ्यांची गाठोडी आली. तिथं तेव्हा पिण्याच्या पाण्याला टँकर चालू होते. जुन्या कपड्यांचे ढीगही आले, इतके की शेवटी कचऱ्यात गेले. मदत करणाऱ्यांनी नेसायचं काय पाठवावं, हे त्या वेळी कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं.

खरी परीक्षा पाणी उतरल्यावर झाली. गाळ गुडघाभर आणि त्याला असा वास की नाकाला बांधलेला रुमाल कुचकामी. किराणा दुकानांत साखरेच्या पोत्यांत नुसता सुतळीचा गोणपाट उरलेला, हरभऱ्याला कोंब फुटलेले. फ्रिज तरंगत जाऊन उताणे पडलेले. कापडपेठेत ताग्यांचे तागे रस्त्यावर टाकलेले, त्यांचे रंग एकमेकांत उतरलेले. व्यापारी चोपड्या पानापानाने सुट्या करून उन्हात मांडत होते, कारण उधारी त्यांच्यातच होती. सांगली नगर वाचनालयात हजारो पुस्तकांचा लगदा झाला. त्यांतल्या कित्येक पुस्तकांची दुसरी प्रत आता कुठं मिळायची नाही. घरं दोन महिन्यांत धुऊन झाली. वाचनालयाचं नुकसान भरपाईच्या कुठल्या रकान्यात बसत नाही.

२०२१ ला गाव बदललेलं दिसलं. २२ जुलैला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. तो आकडा मोबाइलवर येताच इथं ट्रॅक्टर, टेम्पो भाड्याने मिळेनासे झाले. दुकानदारांनी रातोरात माल हलवला, गोठे आधी रिकामे केले, माणसं नंतर. पाणी ५४ फुटांच्या वर गेलं, म्हणजे २००५ पेक्षा थोडं जास्तच, पण माणसं वाचली. त्यात करोनाचे दिवस, निवारा केंद्रांत गर्दी करायची नाही, तरी निभावलं. मोठा बदल वेगळाच होता. जूनमध्येच जलसंपदा मंत्री जयंत पाटील बंगळुरूला जाऊन मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले होते, आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विसर्ग आधीपासून बोलून ठरवायची पद्धत सुरू झाली.

अलमट्टीचं नाव निघाल्याशिवाय सांगलीत पुराची चर्चा पुरी होत नाही. धरणाचा फुगवटा इथवर येतो, असा लोकांचा ठाम समज. २०१९ नंतर राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने मात्र त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. अतिवृष्टी, नदीपात्राचा संकोच आणि पूररेषेतली बांधकामं ही कारणं पुढे केली. हे मत इथं अनेकांना पटलं नाही, आणि धरणाची उंची ५१९ वरून ५२४ मीटरवर नेण्याला विरोध करण्यात मला काहीच गैर वाटत नाही. धरणांची पातळी कुठल्या तारखेला किती ठेवायची, हा प्रश्न दोन्ही राज्यांना विचारत राहायलाच हवा.

पण पाणी शहरात कुठून शिरतं, ते आधी बघा. घाट ओलांडून ते फार उशिरा येतं. पहिल्यांदा येतं ते मागच्या दाराने, शेरीनाल्यातून आणि बुजवलेल्या ओढ्यांतून. हरिपूरला वारणा मिळते. ती भरून आली की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, तुंबतं आणि नाल्यांतून उलटं गावात घुसतं. हे नाले पूर्वी पाणी साठवून घ्यायचे. आज त्यांच्या अंगावर प्लॉट पाडलेले आहेत. शामरावनगरात तर पूर नसताना, साध्या पावसातही पाणी दिवसेंदिवस उभं असतं. तिथं घरं बांधायला कर्नाटकाने सांगितलं नव्हतं.

आता तीन हजार कोटींच्या पुढची, जागतिक बँकेच्या मदतीची योजना आहे. पुराचं पाणी उचलून दुष्काळी भागाकडे न्यायचं. कल्पना वाईट नाही. २०१६ ला याच नदीचं पाणी मिरजेहून रेल्वेने लातूरला गेलं होतं. म्हैसाळ, ताकारी, टेंभू या उपसा योजनांचे पंपही वर्षानुवर्षं पाणी वर चढवतातच. फक्त लाखांनी क्युसेक वाहणाऱ्या पुरातून पंपाने किती उचललं जाईल, याचा अंदाज प्रत्येकाने आपापला करावा.

तोवर करण्यासारखं एक काम आहे आणि त्याला निधी लागत नाही. पंचवीस वर्षांतल्या मोठ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल रेषा जलसंपदा खात्याच्या नकाशावर आखलेली आहे. सांगलीत प्लॉट किंवा फ्लॅट घेणाऱ्यांनी विसार देण्याआधी तो नकाशा मागून आपला गट नंबर त्यात तपासावा, आणि एजंट टाळाटाळ करत असेल तर व्यवहार तिथंच थांबवावा.